मागणीचा अंदाज आणि पक्की ऑर्डर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही तारेच्या स्प्रिंग बनवतो. आम्ही ग्राहकांकडून दर महिन्याला पुढील तीन महिन्यांच्या मागणीचा अंदाज का मागतो आणि त्यात बदल झाल्यास तो लगेच कळवण्याचा आग्रह का धरतो, हे आम्हाला इतक्या वेळा विचारले गेले आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून द्यावे असे ठरवले. पूर्वी ग्राहकाचा खरेदी विभाग तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवी, सर्वांत कमी दराला ऑर्डर देई आणि माल पोचला की पुढच्या दरपत्रकापर्यंत कोणी कोणाला ओळखत नसे. आता तेच ग्राहक दरासोबत तारेचा हीट क्रमांक (तिचे पोलाद ज्या वितळणीतून आले त्याचा क्रमांक), चाचणीचा दाखला, आमच्या तार पुरवठादाराची माहिती आणि तो अडचणीत आल्यास आमच्याकडे दुसरी सोय काय आहे, हेही विचारतात. हे विचारणे योग्यच आहे आणि ही सर्व माहिती आम्ही प्रत्येक लॉटसोबत न मागता देतो. परंतु एवढे विचारणारे ग्राहक स्वतःच्या उत्पादनाचा आराखडा मात्र अजूनही हातचा राखून सांगतात.

आमचा सर्वाधिक वेळ ज्या एका चुकीमुळे जातो ती म्हणजे फुगवलेली मागणी. माल वेळेत मिळेल की नाही अशी शंका आली की पाच हजार स्प्रिंगांऐवजी आठ हजारांची ऑर्डर नोंदवायची, तेवढीच दुसऱ्या पुरवठादाराकडेही टाकायची, आणि ज्याचा माल आधी येईल तो ठेवून उरलेली ऑर्डर रद्द करायची. खरेदी अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर यात वावगे काही दिसत नाही, कारण उत्पादनाची लाइन थांबली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. आमच्या कारखान्यात मात्र त्या आठ हजारांसाठी तार मागवलेली असते, आणि ज्या ग्राहकाने खरा आकडा सांगितला होता त्याचे काम मागे सरकलेले असते.

उरलेली तार दुसऱ्या कोणाच्या कामाला लावा, असे अशा वेळी सुचवले जाते. ते सहसा शक्य नसते. स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. मध्यव्यास (वेटोळ्याचा तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा व्यास) आणि कार्यरत (म्हणजे प्रत्यक्ष दबणारी) वेटोळी तीच ठेवून २ मिलिमीटरऐवजी २.२ मिलिमीटरची तार वापरली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक ताठ होते. त्यामुळे एका ड्रॉइंगसाठी, म्हणजे एका ठरावीक मापाच्या स्प्रिंगसाठी, आणलेली तार रॅकवर नुसती पडून राहते. मशीनच्या सेटिंगचेही तसेच आहे. कार्बन पोलादाच्या तारेची स्प्रिंग भट्टीत तापवल्यावर तिचा व्यास किंचित आकसतो, म्हणून मशीनवर तो आधीच थोडा मोठा धरावा लागतो. पहिले नमुने भट्टीतून काढून, थंड करून, लोड टेस्टरवर दाबून पाहिल्याशिवाय लॉट सुरू करता येत नाही. अर्ध्यावर थांबवलेला लॉट पुन्हा चालू करायचा तर हे सर्व पहिल्यापासून करावे लागते.

हा अनुभव केवळ लहान कारखान्यांचा नाही. लहान मुलांना लंगोट रोज साधारण तेवढेच लागतात, तरीही प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला आपल्या लंगोटांच्या मागणीत वितरकांपाशी मोठे चढउतार आढळले, आणि कच्च्या मालाच्या ऑर्डरींत ते आणखी मोठे दिसले. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक हातभर उडते, म्हणून या प्रकाराला ‘बुलव्हिप’ (लांब चाबूक) हे नाव पडले. २०२० मध्ये अनेक मोटार कंपन्यांनी विक्री घसरेल या भीतीने चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. वर्षअखेरीस मागणी परतली तेव्हा ती उत्पादनक्षमता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी घेतलेली होती, आणि २०२१ मध्ये कित्येक कारखान्यांच्या लाइन चिपअभावी थांबल्या. त्यानंतर मोठे खरेदीदार पुरवठादारांशी दीर्घ मुदतीचे करार करू लागले आणि आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, याचीही नोंद ठेवू लागले.

आमची पद्धत यातूनच आली आहे. तीन महिन्यांच्या अंदाजातील पहिले चार आठवडे आम्ही पक्की ऑर्डर मानतो. त्यात प्रमाण कमी केल्यास तयार माल आणि आणलेली तार यांचे बिल लावतो. पुढचे आठ आठवडे बदलता येतात आणि त्या बदलाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. ही अट कडक आहे अशी तक्रार आमच्या कानावर येते, आणि एका ग्राहकाने याच कारणावरून काम दुसरीकडे नेलेही होते. परंतु ही अट नसेल तर रद्द झालेल्या ऑर्डरींचा खर्च आम्हाला सर्वांच्या दरात मिसळावा लागेल, आणि नेमका आकडा सांगणाऱ्याने फुगवून सांगणाऱ्याचे पैसे भरावेत हे आम्हाला पटत नाही.

जे ग्राहक नियमित अंदाज देतात त्यांच्यासाठी आम्ही दोन आठवडे पुरेल इतका तयार माल स्वतःच्या खर्चाने ठेवतो, आणि खरोखर अर्जंट काम आले तर मशीनवर आधी त्यांचे ड्रॉइंग चढते. दोन पुरवठादार ठेवण्यालाही आमची हरकत नाही. कोणाचा वाटा किती, एवढे आधी सांगावे. साठ टक्के काम आमच्याकडे आहे हे माहीत असले तर आम्ही साठ टक्क्यांचीच तार मागवतो.

अंदाजासाठी वेगळा नमुना भरण्याची गरज नाही. महिना, नग आणि ड्रॉइंगचा चालू रिव्हिजन (सुधारित आवृत्तीचा) क्रमांक एवढे साध्या मेलमध्ये लिहून प्रत्येक महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पाठवावे. आकड्यात फरक नसेल तर ‘बदल नाही’ एवढे कळवले तरी चालते, मात्र मेल न आल्यास आम्ही मागील महिन्याचाच आकडा धरून तार मागवतो.