नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेरोजगारी दावा अडकला तर: कारण कसं शोधायचं, दाद कुठे मागायची

आमच्या भोसरीच्या वस्तीतल्या एका ताईंबरोबर मी गेल्या वर्षी ईएसआयसीच्या, म्हणजे राज्य कामगार विमा महामंडळाच्या, शाखा कार्यालयात गेलो होतो. चार वर्षं एका ठेकेदाराकडे पॅकिंगच्या लाइनवर काम केलेलं, आणि एका शनिवारी सुपरवायझरनं सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका, ऑर्डर नाहीये." त्यांनी नोकरी गेल्यावर मदत देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा दावा भरला, तीन हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी एकच उत्तर: "प्रोसेसमध्ये आहे." चौथ्या खेपेला मी सोबत होतो. काउंटरवरच्या बाईंना विनंती केली की नेमकं कुठे अडलंय तेवढं दाखवा. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. शेवटच्या महिन्यात हजेरीचे दिवस शून्य, आणि पुढे कारण: 'लेफ्ट सर्विस'. म्हणजे कागदावर ताईंनी स्वतःहून नोकरी सोडली होती.

असे दावे मी बरेच पाहिलेत. बहुतेक वेळा माणूस पात्र असतो. ठेकेदाराकडच्या कुणीतरी पोर्टलवर घाईत निवडलेला एक पर्याय त्याला आडवा येतो. म्हणून आधी अर्ज कसा भरायचा ते थोडक्यात सांगतो आणि अडकल्यावर काय करायचं ते सविस्तर.

कोणाला मिळतं आणि किती

ही योजना ईएसआयसीची. १ जुलै २०१८ पासून ती सुरू आहे आणि मुदतवाढ घेत घेत चालली आहे. २०२४ मध्ये मिळालेली वाढ ३० जून २०२६ पर्यंतची होती, त्यामुळे अर्जाआधी सध्याची मुदत शाखेत विचारून घ्या. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठीच ती आहे. त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये, अपंग कामगारांसाठी २५,०००. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो.

अट दोन भागांत आहे. बेरोजगार होण्याच्या लगेच आधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. शिवाय लगतच्या आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (म्हणजे ईएसआयपोटी भरलेली रक्कम) आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी कुठल्याही एकात पुन्हा किमान ७८ दिवस. अंशदान कालावधी वर्षात दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम फेब्रुवारीत गेलं असेल, तर लगतचा आधीचा कालावधी म्हणजे मागचा एप्रिल ते सप्टेंबर. इथे पुष्कळ जण गफलत करतात आणि चालू सहामाहीचेच दिवस मोजत बसतात.

रक्कम रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. आधी ही २५ टक्के होती, कोरोनाच्या काळात २४ मार्च २०२० पासून दुप्पट झाली. चार अंशदान कालावधींतली एकूण कमाई ७३० नं भागली की सरासरी निघते. कुणाचा पगार दोन वर्षं सलग १८,००० असेल तर एकूण ४,३२,००० रुपये. त्याला ७३० नं भागलं की रोजचे साधारण ५९२. त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे सुमारे २६,६०० रुपये. घरभाडं आणि मुलांची फी अंगावर असताना ही रक्कम लहान नाही. खात्यात कमी रक्कम आली तर हाच हिशेब कागदावर मांडून विचारायला जा.

बेकायदा ठरवलेला संप, टाळेबंदी (मालकानंच कामगारांसाठी गेट बंद करणं), स्वेच्छानिवृत्ती, स्वतःहून सोडलेली नोकरी, निवृत्तीचं वय किंवा गैरवर्तनाच्या कारवाईतून बडतर्फी, यांत ही मदत मिळत नाही. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीकडचं काम गेलेलं असावं लागतं.

कारखानाच बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीनं ४० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही विचारा. ती २००५ पासून आहे. तिच्यात पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता आहे. कागद हातात असताना या योजनेचं नाव न काढता लोक घरी परततात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अर्ज

काम गेल्यापासून ३० दिवस झाले की दावा करता येतो, आणि एक वर्षाच्या आत करावा लागतो. पुढच्या तारखांचा दावा चालत नाही. ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या आयपी नंबरनं, म्हणजे ईएसआयच्या विमा क्रमांकानं, लॉगिन करून फॉर्म भरायचा आणि आधार कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान यांच्या स्पष्ट प्रती जोडायच्या. कागद नीट चढवले असतील तर प्रत्यक्ष जावं लागत नाही. राहिले असतील तर फॉर्मची प्रिंट, सही आणि कागद शाखेत द्यायचे. पूर्वी शिक्क्याच्या कागदावर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये काढून टाकली. कुणी अजूनही तुमच्याकडून प्रतिज्ञापत्राचे पैसे घेत असेल तर देऊ नका. दावा मालकाकडून पुढे पाठवून घ्यायची अटही तेव्हाच गेली. कामगार थेट शाखेकडे जातो आणि मालकाकडची पडताळणी शाखा करते.

दावा का थांबतो

सगळ्यात मोठं कारण ताईंच्या बाबतीत झालं तेच. मालक किंवा ठेकेदार दर महिन्याचं अंशदान भरताना शून्य दिवस असलेल्या कामगारापुढे कारण निवडतो. यादीत 'लेफ्ट सर्विस' आहे, 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात) आहे, 'नो वर्क' आहे, 'स्ट्राइक-लॉकआउट'ही आहे. ऑफिसातला पोरगा शंभर जणांची एक्सेल चढवताना सगळ्यांना 'लेफ्ट सर्विस' लावून मोकळा होतो. त्यात त्याचं काही जात नाही, पण कामगाराचे २६ हजार जातात.

दुसरं कारण दोन आयपी नंबर. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवीन काढतो. तुमची दोन वर्षं दोन नंबरांत विभागली जातात आणि कुठल्याच नंबरावर अट पूर्ण होत नाही. दोन्ही नंबर आणि दोन्हीकडचे पगाराचे पुरावे घेऊन शाखेत नोंदी एकत्र करून मागा.

तिसरं म्हणजे नावाची तफावत. आधारवर 'सुनिता', ईएसआयवर 'सुनीता', बँकेत लग्नाआधीचं आडनाव. आधार ईएसआयसीच्या नोंदीला आणि बँक खात्याला जोडलेलं नसेल तरीही पैसे अडतात. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून दावा भरायच्या आधीच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

चौथं सगळ्यांत वाईट: पगारातून कापलं, पण भरलंच नाही. याची काळजी वाटते ती यासाठी, की कामगार अशा वेळी गप्प बसतो. त्याला वाटतं आपलं नशीब. पण कायद्यात सोय आहे (जुन्या ईएसआय कायद्यात ती कलम ६८ मध्ये होती): मालकानं न भरल्यामुळे कामगाराचा हक्क बुडत असेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. कामगाराचा वाटा कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. ईएसआयची कपात दाखवणाऱ्या पगार स्लिपा म्हणूनच जपून ठेवायच्या. स्लिप देत नसतील तर दर महिन्याला स्वतःच्या लॉगिनवरून अंशदानाचे दिवस बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

तोंडी उत्तरावर घरी येऊ नका

दाद मागायची तर हातात कागद हवा. "साहेब रजेवर आहेत," "सर्व्हर डाउन आहे," "पुढच्या आठवड्यात या," यातलं काहीच उद्या दाखवता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीलाच लेखी अर्ज द्या. आम्ही ताईंसाठी लिहिलेला अर्ज असा होता:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझा आयपी नंबर अमुक, दावा क्रमांक अमुक, दाखल दिनांक अमुक. मला दि. अमुक रोजी काम नसल्याचे सांगून कामावरून कमी करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. मालकाने पोर्टलवर 'लेफ्ट सर्विस' असे चुकीचे कारण नोंदवल्याचे समजले. कृपया मालकाकडून कारणाची पडताळणी करून घ्यावी व दावा मंजूर करावा. नामंजूर करावयाचा असल्यास कारण लेखी कळवावे. सोबत: पगार स्लिपा, गेटपासची प्रत, काम बंद असल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट."

दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. शेवटचं वाक्य, कारण लेखी कळवा, ते गाळू नका. सुपरवायझरचा "उद्या येऊ नका" असा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर फोन बदलायच्या आधी त्याची प्रिंट काढून ठेवा. ताईंकडे असा एक मेसेज होता, आणि तोच कामी आला. शाखेनं ठेकेदाराला पत्र पाठवलं, ठेकेदारानं कारण बदलून दिलं, महिन्याभरात पैसे जमा झाले.

हिशेब चुकता करताना ठेकेदार कधी कधी कोऱ्या राजीनाम्यावर सही मागतो. "सही केलीस तरच फुल अँड फायनल मिळेल," असं सांगतो. शक्यतो करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी "काम नसल्याचे सांगितल्यामुळे" एवढं स्वतःच्या हातानं लिहा आणि फोटो काढून ठेवा. आधीच सही घेतली असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देऊन तिची पोच दाव्याच्या फाइलला जोडा.

वर कुठे जायचं

शाखेकडे अर्ज देऊन साधारण १५ दिवस थांबा. २०२० मध्ये नियम सैल केले तेव्हा दावे १५ दिवसांत निकाली काढू असं सरकारनंच सांगितलं होतं. त्यानंतर त्याच अर्जाची पोचप्रत लावून प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाला लिहा. ईएसआयसी 'सुविधा समागम' नावाची तक्रार निवारण बैठक घेते. शाखेत तिची पुढची तारीख विचारा आणि फाइल घेऊन समोर बसा. टोल-फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे. तिथे तक्रार केली तर मिळणारा क्रमांक लिहून ठेवा.

याला समांतर केंद्र सरकारचं पीजी पोर्टल, म्हणजे सीपीग्राम्स. फी नाही, मोबाइलवरून होतं. ऑगस्ट २०२४ पासून तिथे तक्रार निकाली काढायची मुदत २१ दिवस आहे. "संबंधित शाखेस कळवले आहे" असं लिहून तक्रार बंद केली तर ३० दिवसांच्या आत अपील टाकता येतं, ते टाकाच. तक्रार लिहिताना भावना दोन ओळींत ठेवा आणि तारखा नीट द्या: दावा कधी, अर्ज कधी, कोणता आवक क्रमांक, आज किती दिवस झाले.

तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार, २००५. ईएसआयसी केंद्राखाली येते, म्हणून अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर किंवा टपालानं करायचा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ. "माझा दावा का मंजूर होत नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं टाळता येतं. कागद मागा: माझ्या दाव्यावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली त्याचा तपशील, फाइलवरच्या शेऱ्यांच्या प्रती, मालकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पुष्कळदा आरटीआय पोचल्यावरच फाइल हलते.

लेखी नकार हातात आला आणि तो चुकीचा असेल, तर एम्प्लॉईज इन्शुरन्स कोर्ट आहे. कामगार आणि महामंडळ यांच्यातले लाभाचे वाद तिथे चालतात. वादाचं कारण घडल्यापासून तीन वर्षांत जावं लागतं. त्या निकालावर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआय कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी ही चौकट आणि या दोन्ही मुदती तिच्यातही तशाच आहेत. एक गोष्ट मात्र वकिलाशी आधी बोलून घ्या: ही मदत आजारपण किंवा प्रसूती लाभासारखी थेट कायद्यातल्या लाभांच्या यादीत नाही, ती कल्याणकारी योजना म्हणून काढलेली आहे. त्यामुळे अर्जाची मांडणी जाणकारानं केलेली बरी.

वकिलाच्या फीचा विचार करून मागे फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. जाताना आधार, आयपी नंबर, पोचपावत्यांची फाइल आणि नकाराचं पत्र सोबत घ्या.