मेल सर्व्हरचा आयपी बदलायचा तर सुरुवात आदल्या आठवड्यातच करा

ऑफिसचं इंटरनेट एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेलं की आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, बदलतो, आणि मेल सर्व्हर त्याच कनेक्शनवर असेल तर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो की आता मधल्या काळातले मेल गेलेच. खरं तर एकही मेल हरवायचं कारण नाही, फक्त बदलाच्या दिवशी कामाला लागून भागत नाही.

आपण मेल पाठवला की पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या डिरेक्टरीला, विचारतो, या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचे) मेल कोण घेतं? उत्तरात एक नाव येतं, ते एमएक्स रेकॉर्ड नावाच्या नोंदीतलं. मग त्या नावाचा आयपी काय हे वेगळं विचारायचं. म्हणजे नाव तेच ठेवून मागचा आकडा बदलता येतो, आणि हेच आपल्या पथ्यावर पडतं. डीएनएस १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलं, त्याआधी सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेकडून उतरवून घ्यावी लागायची.

मग अडतं कुठे? तर एकदा मिळालेलं उत्तर जगभरचे सर्व्हर लक्षात ठेवतात, दरवेळी विचारत बसत नाहीत. किती वेळ लक्षात ठेवायचं ते रेकॉर्डवरच लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात, औषधाच्या एक्सपायरी डेटसारखं समजा. टीटीएल ८६४०० असेल तर ते झाले सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. तुम्ही सकाळी १० वाजता आयपी बदललात आणि कुणी ९:५५ ला विचारून ठेवलं असेल तर तो उद्या ९:५५ पर्यंत जुन्याच आयपीवर येत राहणार, त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून टीटीएल आधी ३०० करायचा, पाच मिनिटं. इथे बरेच जण फसतात, कारण टीटीएल कमी केलाय ही बातमीसुद्धा जुना टीटीएल संपल्यावरच सगळीकडे पोचते! म्हणून किमान एक-दोन दिवस आधी करा, मी तर आठवडा आधीच करून मोकळा होतो.

दोन्ही कनेक्शन काही दिवस एकत्र चालू ठेवता आली तर उत्तमच, एकाच मशीनला दोन्ही आयपी देता येतात. ते जमत नसेल तरी घाबरू नका, ईमेलची रचनाच सोशिक आहे. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती पद्धत म्हणजे एसएमटीपी, तिच्या २००८ च्या नियमांत म्हटलंय की समोरचा सर्व्हर सापडला नाही तर निदान ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा आणि चार-पाच दिवस तरी नाद सोडू नका. म्हणजे सर्व्हर बंद असणं चालतं, चुकीचं उत्तर देणं चालत नाही. सर्व्हर आकड्यात उत्तर देतो, ते ४ ने सुरू होणारं असेल तर अर्थ ‘नंतर या’, पण ५५० म्हणजे कायमचा नकार गेलं की मेल तिथूनच बाउन्स, पाठवणाऱ्याकडे परत. अर्धवट सेट केलेला नवा सर्व्हर चालू ठेवून ‘असा युजर नाही’ म्हणत राहिला तर त्यापेक्षा तो बंद असलेला शंभरपट बरा.

येणाऱ्या मेलची एवढी काळजी घेऊन जाणारे मेल मात्र विसरले जातात. नव्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) इंटरनेट कंपनीकडून करून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून आधीच सांगून ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून जीमेल तो मागतं. एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनचे मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतात त्या यादीत, नवा आयपी आधी घाला, जुना लगेच काढू नका. डीकेआयएम ही मेलवर लागणारी डिजिटल सही, ती डोमेनची असते, आयपीची नाही, ती तशीच चालते. आणि नवा आयपी आधी कुणी स्पॅमसाठी वापरलाय का, कुठल्या ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीत, आहे का, हे घेतानाच बघा, नंतर निस्तरणं फार जिवावर येतं.

शेवटी राहतात सेटिंगमध्ये नावाऐवजी थेट आकडे टाकून बसलेले. माणसं फोन तरी करतात. मी पाहिलेल्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या कोपऱ्यातला स्कॅनर तसा होता, स्कॅन करून मेल करणारा, तो बिचारा कुणाला सांगणार? म्हणून जुना आयपी हातात असेपर्यंत त्यावरचा लॉग रोज बघायचा, आठवड्यानेही कोण तिथे येतंय ते दिसतं, आणि तो स्कॅनर तसाच सापडला.