ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येताय? आधी तिथी बघा

बोटीची सहल ठरवताना आम्हाला हमखास विचारलं जातं, "रविवारी सकाळी सातला निघालो तर चालेल ना?" एखाद्या रविवारी चालेल, पुढच्या रविवारी मुळीच नाही. ठाणे खाडी उथळ आहे. ओहोटीला ऐरोलीच्या किनाऱ्याला चिखल उघडा पडतो आणि बोट निघू शकत नाही, म्हणून फेऱ्या भरतीच्या आसपासच होतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी काठोकाठ पाणी होतं, त्याच वेळी या रविवारी चिखल असतो.

भरतीचा ढोबळ अंदाज घरच्या कॅलेंडरवरून घेता येतो. कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. एकादशीला ११ गुणिले ३, भागिले ४, म्हणजे सव्वाआठ वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. खाडीत इतकं आत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, शिवाय तिथीही मध्येच बदलते. त्यामुळे नक्की वेळ आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच कळवतो. सकाळची फेरी हवी असेल तर दशमी ते चतुर्दशीमधला दिवस मागा, पक्ष कुठलाही चालेल.

भरती पूर्ण असताना, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, चिखलाचे पट्टे बुडतात आणि बरेच रोहित नेरूळकडच्या पाणथळ जागांवर जाऊन थांबतात. पाणी उतरू लागलं की ते खाण्यासाठी परततात. बघण्याची खरी वेळ तीच, पण बोटीला परतायला पाणीही हवं. म्हणून नावाड्याने बोट वळवली की "अजून पाच मिनिटं" असा आग्रह धरू नका. बोट चिखलात रुतली तर पाणी पुन्हा चढेपर्यंत काही तास तिथेच बसावं लागतं.

नोव्हेंबरपासून पक्षी यायला लागतात. मोठे थवे जानेवारी ते एप्रिलमध्ये दिसतात, पावसाआधी ते निघून जातात. दोन जाती ओळखायला सोप्या आहेत. धाकट्या रोहितची चोच गडद लाल, लांबून काळपटच वाटते. थोरला उंच, अंगाने पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. धाकटा चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळून खातो. गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो, म्हणून पिल्लं राखाडी दिसतात.

थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, तर आपण फार जवळ गेलो आहोत. अशा वेळी उभं राहू नका, टाळ्या वाजवू नका. उडण्यासाठी रोहितला पाण्यावर धावत जावं लागतं. तसं वारंवार झालं तर त्याची शक्ती आणि खाण्याचा वेळ दोन्ही वाया जातात. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. ड्रोन आणू नका.

फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले तर बोट कलते. जागेवरच बसा, आळीपाळीने सगळ्यांना दिसतं. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा. लहान मुलांचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीपर्यंत सरकलं तर लहान माप मागा. हलत्या बोटीत १० पटींपेक्षा ८ पटींची दुर्बीण बरी, चित्र कमी थरथरतं. बोटीत स्वच्छतागृह नाही.

ऐरोली स्टेशनवरून रिक्षाने या, दिवा गावाजवळचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सांगा. फेरीच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. तेवढ्यात कांदळवनातली पायवाट होते. तिथे तिवराच्या पानाची मागची बाजू उन्हाकडे धरा, मिठाचे बारीक कण चमकतात. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं श्वासासाठी असतात, त्यांवर पाय देऊ नका. दोन मिनिटं शांत उभं राहिलात तर निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) बिळांतून बाहेर येतात.