सामाजिक इष्टता व भावनिक स्वास्थ्य (छात्राध्यापकांचे)

प्रश्नावली भरताना खरे उत्तर बाजूला ठेवून चारचौघांत शोभेल असे उत्तर देण्याचा कल म्हणजे सामाजिक इष्टता. ‘वांछनीयता’ हा पर्यायी शब्दही रूढ आहे. भावनिक स्वास्थ्य बहुतेक वेळा स्वकथनावरूनच मोजले जात असल्याने दोन्ही गुणांक हातात हात घालून वाढतात.

संकल्पनेचा उगम सहसा मानसशास्त्रज्ञ ॲलन एडवर्ड्स यांच्या १९५३ च्या लेखात मानतात. मिनेसोटा व्यक्तिमत्त्व शोधिका (मानसिक विकार ओळखण्याची प्रश्नावली) हिच्यातील असत्य-श्रेणी, म्हणजे स्वतःला फार चांगले दाखवणारी उत्तरे पकडणारी विधाने, मात्र त्याआधीची. हा कल मोजणारी एडवर्ड्स यांची ३९ विधाने याच शोधिकेतली, म्हणून मानसिक त्रासाशी निगडित असल्याने कमी गुण मिळवणारा प्रांजळ आहे की खरोखर त्रस्त, हे कळत नसे. क्राउन व मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधाने नव्याने रचली : १८ ना ‘बरोबर’ म्हटल्यास गुण, १५ ना ‘चूक’ म्हटल्यास. विधाने स्तुत्य पण क्वचितच खरी, किंवा निंद्य पण सर्रास आढळणारी. पॉलहस (१९८४) यांनी या कलाचे दोन घटक मानले : आत्मवंचना (स्वतःविषयीची गोड समजूत स्वतःलाच खरी वाटणे) व प्रतिमा-व्यवस्थापन (इतरांवर छाप पाडण्यासाठी मुद्दाम दिलेली उत्तरे).

स्वास्थ्याच्या गुणांकातून इष्टतेचा प्रभाव सांख्यिकी रीतीने वजा करावा, असे एक मत. मॅक्रे व कोस्टा (१९८३) यांनी स्वकथनाची जोडीदाराच्या मूल्यमापनाशी तुलना केली, तेव्हा अशा वजावटीने मेळ बहुधा घटलाच. स्वतःविषयीची गोड समजूत हा स्वास्थ्याचाच भाग असू शकतो. त्यामुळे सरसकट वजावट न करणे अधिक सयुक्तिक.

गोव्यात छात्राध्यापकांची, म्हणजे शिक्षक होण्यासाठी बी.एड. करणाऱ्यांची, अडचण निराळी. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २०१४ च्या राष्ट्रीय विनियमांनुसार ते किमान २० आठवडे शाळेत अध्यापनाच्या सरावासाठी असतात. पाठ टाचण तपासणारा निरीक्षकच प्रश्नावली गोळा करू लागला, तर ‘वर्गावर जाताना धास्ती वाटते’ यापुढे कोण खूण करणार? नाव न लिहूनही भागत नाही : तालुका, शाळा आणि अध्यापन विषय लिहिला की एवढ्याशा राज्यात माणूस ओळखू येतो. हे रकाने गाळावेत, पाठांचे गुण जाहीर झाल्यावर बंद पेटीतून उत्तरे घ्यावीत.

अशा प्रश्नावलीच्या मराठी रूपांतरात नकार घोटाळा करतो. ‘मी विद्यार्थ्यांवर कधीच चिडत नाही’ यापुढे ‘होय/नाही’ ठेवल्यास न चिडणाराही ‘नाही’वर खूण करतो, ‘बरोबर/चूक’ ठेवल्यास हा गोंधळ कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच विधानांच्या स्वास्थ्य-निर्देशांकात प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण असतात. बेरजेस ४ ने गुणून १०० पैकी गुणांक काढतात. त्यात मागील दोनच आठवड्यांचा विचार होतो. त्यांत परीक्षा-पाठ आले, तर वर्षभराचे स्वास्थ्य म्हणून तो आकडा वापरता येत नाही.