फोनवरच्या लूपरची पाऊणशे वर्षं

तोंडाने ठेका धरायचा, चार मात्रा झाल्या की स्क्रीनवरच्या वर्तुळावर बोट टेकवायचं. ठेका फिरत राहतो. असा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा म्हणजे लूप, आणि तो बनवणारं यंत्र किंवा ॲप म्हणजे लूपर. त्यावर खर्जातला सूर, मग वरचा, मग शब्द. थोड्याच वेळात एकट्याच्या गळ्यातून वृंदगान उभं राहतं आणि लगेच कुणालाही पाठवता येतं. हे सोपं वाटतं, कारण आवर्तन नेमकं समेवर बंद करायचं काम ॲप सांभाळून घेतं. पूर्वी सगळी झटापट त्यासाठीच होती.

१९४८ साली पॅरिसमध्ये रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने तबकडीवरची खाच आत वळत न नेता गोल बंद केली. सुई त्याच फेऱ्यात अडकून राही. पण तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम पाऊण सेकंद. त्यात गाण्याची ओळ कुठली मावणार? एखादा उच्चार, रेल्वेचा एखादा खडखडाट, बस.

टेप आली आणि लांबीचा प्रश्न सुटला, पण हाताचं काम वाढलं. स्टुडिओतली फीत सेकंदाला १५ इंच धावायची. चार सेकंदांच्या ओळीसाठी पाच फूट फीत ब्लेडने कापायची, टोकं चिकटपट्टीने जोडायची आणि तो फास मशीनबाहेर कशावर तरी ताणून धरायचा. काप जरा चुकला की दर फेरीला ठेका त्याच जागी अडखळणार. १९६५ मध्ये अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन सारखे लूप दोन मशिनांवर लावले. मशिनांचा वेग किंचित वेगळा, त्यामुळे ते हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले. राइशने ते सरकणंच रचना म्हणून स्वीकारलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत प्रिय आहे तो हा प्रसंग: मशीनची चूक कानाने ओळखून तिचं संगीत करणं.

त्याआधीच, १९६३ मध्ये, टेरी रायली या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराने पॅरिसमध्ये दोन टेप मशिनांमधून एकच फीत ओवली होती. एक मशीन ध्वनी टिपायचं, दुसरं तो काही सेकंदांनी ऐकवून पुन्हा पहिल्याकडे धाडायचं. कापाकापी न करता थर चढू लागले. मात्र लूपची लांबी ठरायची ती दोन मशिनांमधल्या अंतरावर.

डिजिटल यंत्रांत अडचण मेमरीची होती. सीडीच्या दर्जाचा, एका चॅनलचा एक सेकंद म्हणजे सुमारे ८८ हजार बाइट. म्हणून १९८०च्या दशकात इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीच्या यंत्राच्या नावातच ‘१६ सेकंद’ मिरवत होते! मेमरी स्वस्त झाली तसे पायाने दाबायचे पेडल आले. २००४ मध्ये बीबीसीवर स्कॉटिश गायिका के. टी. टन्स्टलने असाच पेडल दाबत, गिटार आणि आपल्याच आवाजाचे थर रचत गाणं उभं केलं आणि ती एका रात्रीत घरोघरी पोचली.

पेडल मुळात गिटारवाल्यांसाठी होता, त्यांचे हात गुंतलेले म्हणून. गाणाऱ्याचे हात मोकळे असतात आणि फोनमध्ये माइक असतोच. २००८ मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर सुरू झालं, २०११ मध्ये मायकेल टायसनने बनवलेलं लूपर ॲप लूपी एचडी आलं. मार्च २०१४ मध्ये अमेरिकन टीव्ही सूत्रसंचालक जिमी फॅलन आणि गायक बिली जोएल यांनी टीव्हीवर आयपॅडमधल्या लूपीवर थरांवर थर चढवत गाणं रचलं, तेव्हा कित्येकांना हा प्रकार पहिल्यांदा समजला.

आता झगडा मिलिसेकंदांशी आहे. आवाज माइकमधून ॲपपर्यंत पोचायला आणि ठेका कानापर्यंत यायला किंचित वेळ लागतो. ॲप तेवढं रेकॉर्डिंग मागे सरकवून जुळवतं. ब्लूटूथच्या इअरफोनने हा उशीर फार वाढतो, म्हणून तारेचेच वापरावेत. स्पीकर उघडा ठेवला तर जुने थर पुन्हा माइकमध्ये शिरतात आणि सगळा गोंगाट होतो.

टेपच्या काळात श्रोत्याला मिळायची ती तयार रचना. आज पाठवलेला व्हिडिओ शांततेपासून सुरू होतो: पहिला ठेका, टेकणारं बोट, मग एकेक सूर. एखादाच थर वेगळा करूनही पाठवता येतो, आणि पलीकडचा गायक त्यावर आपला आवाज चढवू लागतो.