लाल ठिपका वेगळा आणि जळालेलं रान वेगळं

मार्च लागला की मेळघाट, गडचिरोलीचे लाल ठिपक्यांनी भरलेले सॅटेलाइट नकाशे फिरायला लागतात आणि लोक धास्तावतात की सगळं जंगल गेलं. काळजी रास्तच आहे, पण ठिपके मोजून किती जळालं ते कळत नाही.

ठिपका एवढंच सांगतो की सॅटेलाइट वरून गेलं तेव्हा तिथे आजूबाजूपेक्षा बरीच जास्त उष्णता होती. सॅटेलाइटवर बसवलेल्या, उष्णता टिपणाऱ्या व्हीर्स (VIIRS) सेन्सरचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, साधारण 14 हेक्टर, आणि आत पेटलेला असतो कधी कधी नुसता मोहाखालचा पालापाचोळा, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लावलेला. उलट हा सेन्सर येतो दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी पेटून नऊला विझलेला वणवा सुटूनही जातो. आणि हे आकडे बघाच: नोव्हेंबर 2020 ते जून 2021 मध्ये फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाने देशभरात मोडिस (MODIS) या जुन्या, जास्त ढोबळ बघणाऱ्या सेन्सरवरून 52,785 आगी नोंदवल्या आणि व्हीर्सवरून 3,45,989, म्हणजे जंगल तेच, हंगाम तोच, फक्त बघणारा डोळा बारीक! म्हणून जुने मोडिसचे आकडे आणि आत्ताचे व्हीर्सचे शेजारी ठेवून आगी इतक्या पट वाढल्या म्हणणं साफ चूक आहे.

ठिपक्याची खरी किंमत वेगात आहे, काही तासांत त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज येतो आणि तो धावतो.

जळालेलं क्षेत्र काढायचं तर सेंटिनेल-2 किंवा लँडसॅट या सॅटेलाइटचे आगीआधीचे आणि नंतरचे फोटो लागतात. हिरवं पान नियर इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश) भरपूर परत फेकतं, जळालेली जमीन ते कमी आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (तसाच दुसरा प्रकाश) जास्त, या फरकावरून 20-30 मीटरच्या बारकाईने जळाल्याचा डाग उमटतो. पण आपल्याकडे सागाची गंमत अशी की पानगळ झाली तरी हाच फरक दिसतो आणि न जळालेलं रानही जळाल्यासारखं वाटतं, म्हणून आधीचा फोटो शक्यतो आगीच्या अगदी जवळच्या तारखेचा घ्यायचा, डिसेंबरचा हिरवागार नाही. शिवाय नवी पालवी फुटली की डाग पुसट होतो, उशीर केला तर हातचा जातो.

उन्हाळे तापत चाललेत, तेव्हा वणवे खरंच वाढले का हे बघायला वर्षानुवर्षांचे हे डागच एकावर एक ठेवावे लागतील, आणि जिथे डाग जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) ओलांडून पलीकडे गेलेला दिसतो ती रेषा पुढच्या फेब्रुवारीआधी रुंद करून घ्यायला हवी.