नॉन-कोडिंग आरएनए आणि नेहमीचे आजार

डीएनएवरून उतरवले जाणारे, पण ज्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही अशा रेणूंना नॉन-कोडिंग आरएनए किंवा असांकेतिक आरएनए म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत. प्रथिनांची कृती त्यांतल्या एक-दोन टक्के भागातच लिहिलेली असते आणि अशी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. उरलेल्या भागाला पूर्वी ‘जंक डीएनए’ म्हणजे अडगळ म्हणत. ते नाव अगदीच वाया गेलेले नाही. त्यातला बराचसा भाग खरोखर निरुपयोगी आहे असे मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. पण त्याच भागातून निघणारे काही आरएनए कोणते प्रथिन किती बनावे हे ठरवतात, आणि मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशा घरोघरच्या आजारांत त्यांचा हात असतो. हे रेणू सहसा एकट्याने आजार आणत नाहीत, मात्रा वरखाली करतात. ‘अमुक आरएनएमुळे मधुमेह होतो’ अशा मथळ्यांवर म्हणूनच फारसा भरवसा ठेवू नये.

प्रथिने जुळवण्याच्या कामात थेट राबणारे राइबोसोमल आणि ट्रान्स्फर आरएनए याच वर्गातले, पण या नोंदीचा विषय ते नाहीत. येथे महत्त्वाचे गट दोन. सुमारे २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए हे जनुकातली प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनणे रोखतात किंवा तो संदेशच नष्ट करवतात. २०० अक्षरांहून मोठ्या लांब नॉन-कोडिंग आरएनएंची कामे मात्र एका साच्यात बसत नाहीत. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीत १९९३ मध्ये सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना या कामासाठी नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये. कृमीतली ही एक गंमत आहे, अशीच सुरुवातीला बहुतेकांची समजूत होती. २००० मध्ये रव्हकन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला, आणि तो माणसातही आहे हे दिसल्यावर चित्र पालटले.

मात्रेचा मुद्दा मधुमेहात स्पष्ट दिसतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत मिर-३७५ हा मायक्रोआरएनए भरपूर असतो (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचेच छोटे रूप). तो प्रमाणाबाहेर वाढवला की साखर वाढूनही पेशी पुरेसे इन्सुलिन सोडत नाहीत, हे २००४ मध्ये दिसले. म्हणजे तो काढून टाकला की काम होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण उंदरांतून तो पूर्ण काढला तेव्हा इन्सुलिनच्या पेशींची संख्याच घटली आणि साखर चढली.

हृदयविकाराची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. बडोद्यात दांडियाबाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘काकांना शुगर नव्हती, बीपी नव्हतं, कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी पन्नाशीत अटॅक आला.’ या कोड्याचा एक तुकडा २००७ मध्ये हाती लागला. नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ९पी२१ या जागी काही अक्षरबदल असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, असे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पाचांतल्या एकाला हा बदल आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो. अशा व्यक्तीला झटक्याचा धोका तो बदल मुळीच नसलेल्याच्या सुमारे १.६ पट. दक्षिण आशियाई लोकांतही हा संबंध आढळला आहे. विशेष म्हणजे हा धोका रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा साखरेच्या वाटेने येत नाही, त्यामुळे नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो दिसायचे कारणच नाही.

त्या जागी प्रथिनाचे जनुक नाही. तेथून जातो अ‍ॅनरिल नावाचा लांब आरएनए. त्याचे शेजारी म्हणजे पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारी दोन जनुके, आणि त्यांना गप्प करणारी प्रथिने तेथवर आणण्याचे काम अ‍ॅनरिल करतो. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी नको तेव्हा वाढल्या की चरबीचा थर अधिक धोकादायक होतो, असा एक तर्क आहे. पण नेमक्या साखळीबद्दल संशोधकांत एकमत नाही. त्यात अ‍ॅनरिलचे वर्तुळाकार रूप धमनीचे रक्षण करते असे २०१६ मध्ये दिसले. म्हणजे एकाच जनुकाच्या दोन रूपांतले प्रमाणही पाहायला हवे. तंबाखूची पुडी खिशात ठेवून ९पी२१ची चिंता करणे मात्र व्यर्थ आहे; तंबाखूचा धोका या बदलापेक्षा मोठा आहे.

कर्करोगात मायक्रोआरएनएचा पहिला ठोस पुरावा २००२ मध्ये मिळाला. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यातले ट्यूमर रोखणारे जनुक अनेक वर्षे शोधूनही सापडत नव्हते. अखेर तेथे मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही जोडी निघाली. ती गेली की पेशींना मरणापासून वाचवणारे बीसीएल-२ हे प्रथिन वाढते. प्रोस्टेटच्या कर्करोगात पीसीए-३ हा लांब आरएनए लघवीत मोजता येतो, आणि त्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही जोडी सिकलसेलच्या चर्चेतही येते, आणि बडोद्याला तो आजार लांबचा नाही. २०१३ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात त्याचे प्रमाण मोठे आहे. अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकले तर सिकलसेलचा त्रास कमी होतो; हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच साधते. तेरावे गुणसूत्र जन्मतः तीन असलेल्या बाळांत हे हिमोग्लोबिन बराच काळ चढे राहते, आणि त्यामागे मिर-१५ए व मिर-१६-१ची जादा मात्रा आहे असे २०११ मध्ये दाखवले गेले. जोडी गळाली तर ल्युकेमिया, वाढली तर गर्भातले हिमोग्लोबिन टिकून राहते.

रक्तात मायक्रोआरएनए मोजून आजार आधीच ओळखावा, ही कल्पना आकर्षक आहे. त्यावरचे निबंधही ढिगाने आहेत. अडचण नमुन्यातच असते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. घरी रक्त घ्यायला आलेला लॅबचा मुलगा नळी पिशवीत टाकून आणखी चार घरे फिरला, तर वर साचणारे सीरम पिवळसर न राहता गुलाबी दिसू लागते. लाल पेशी फुटल्याची ती खूण. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात, त्यामुळे आकडे फुगतात आणि त्या फुगवट्याचा आजाराशी काही संबंध नसतो. त्यातून मिर-१६ हा अनेक अभ्यासांत तुलनेचा स्थिर मापदंड म्हणून वापरला गेला! प्रयोगशाळा बदलली की निष्कर्ष बदलतात, त्याचे हे एक मोठे कारण.

औषधांच्या बाजूला निकाल अधिक भरीव आहेत. इन्क्लिसिरान हा कृत्रिमरीत्या बनवलेला छोटा आरएनए यकृतात पीसीएसके-९ या, रक्तातले एलडीएल काढण्यात अडथळा आणणाऱ्या प्रथिनाचा संदेश नष्ट करतो आणि एलडीएल कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आणतो. पहिल्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी दुसरे, पुढे सहा महिन्यांतून एक. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अलेंबिक या औषधकंपनीमुळे १९०७ पासून औषधनिर्मितीशी परिचय असलेल्या बडोद्यालाही हा प्रकार वेगळा वाटेल: असा आरएनए गोळी म्हणून गिळला तर आतड्यात तुकडे होऊन संपतो, म्हणून सुई अटळ.

शरीराच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएवर नेम धरणारी औषधे मागे पडली. हिपॅटायटिस सी विषाणूला यकृतातल्या मिर-१२२चा आधार लागतो. तो आधार काढणाऱ्या मिराव्हिर्सेनने चाचणीत विषाणू घटवला, पण तोवर सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्यांनी बाजी मारली. मिर-३४ची नक्कल असलेल्या एमआरएक्स-३४ची कर्करोगावरची चाचणी रुग्णांत गंभीर प्रतिकारक्षमताजन्य दुष्परिणाम दिसल्याने २०१६ मध्ये थांबवावी लागली. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना हात लावतो, त्यामुळे एक आजार सुधारताना दुसरीकडे काय हलेल याचा अंदाज कठीण जातो. दुसरी अडचण पोहोचवण्याची. इन्क्लिसिरानला जोडलेली विशिष्ट शर्करा यकृतातल्या पेशी ओळखतात आणि औषध आत ओढून घेतात. मान्यता मिळालेली या जातीची औषधे यकृतावरच काम करतात. धमनीची भिंत किंवा इन्सुलिनच्या पेशी गाठणारे यांतले एकही नाही.